काळ्या हातांचा माणूस : सोइचिरो होंडा

होंडा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हॉस्टेलच्या पार्किंगमधल्या ॲक्टिवा, सरांची सिटी आणि लाईट गेल्यावर दुकानाबाहेर धडधडणारा तो छोटा जनरेटर. होंडा हे एका माणसाचं आडनाव आहे, ही गोष्ट मात्र निम्म्या लोकांच्या डोक्यातच येत नाही. मित्रांनो, हा लेख त्या माणसाविषयी आहे. वयाने तो आपल्या पणजोबांच्या पिढीचा, पण मी त्याला ‘तो’च म्हणणार आहे. सचिनला तरी आपण कुठे अहो-जाहो करतो?

सोइचिरो होंडाचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ रोजी जपानमधल्या हामामात्सु शहराजवळच्या कोम्यो नावाच्या खेड्यात झाला. वडील गिहेई लोहार होते, पुढे ते सायकलीही दुरुस्त करायला लागले. आई मिका मागावर कापड विणायची. परिस्थिती बेताचीच होती. गावात भाताची गिरणी होती, तिचं इंजिन बघायला हा पोरगा आजोबांबरोबर जायचा आणि तासन्‌तास तिथेच उभा राहायचा. मग एक दिवस गावात पहिली मोटार आली. ती पुढे आणि हा तिच्या मागे पळतोय. गाडी थांबली तिथे रस्त्यावर ऑइलचे थेंब पडले होते. त्याने खाली वाकून ते नाकाला लावले. तो वास तो जन्मभर विसरला नाही.

शाळेत मात्र साहेबांचा आनंदीआनंद होता. जपानमध्ये प्रगतिपुस्तकावर पालकांची सही नसायची, घरचा शिक्का लागायचा. मार्क कमी पडल्यावर सोइचिरोने सायकलच्या पेडलचं रबर कापून स्वतःच शिक्का कोरला आणि मारून टाकला. ते खपलं. मग वर्गातली बाकीची पोरं मागे लागली, आम्हालाही करून दे म्हणून. त्याने दिले करून आणि सगळे पकडले गेले. कारण शिक्क्यावर अक्षरं उलटी कोरावी लागतात हे त्याला माहीतच नव्हतं! ‘होंडा’ ही जपानी अक्षरं डावीकडून बघा नाहीतर उजवीकडून, सारखीच दिसतात. म्हणून त्याचा स्वतःचा शिक्का चालून गेला होता. ड्रॉइंगच्या सबमिशनला मिरर इमेज चुकवणाऱ्यांनी ही गोष्ट वर्कशॉपच्या भिंतीवर लावायला हरकत नाही.

१९१७ मध्ये आर्ट स्मिथ नावाचा अमेरिकन वैमानिक हामामात्सुला विमानाच्या कसरती दाखवायला आला. सोइचिरोने घरातले थोडे पैसे आणि वडिलांची सायकल न सांगता उचलली. सायकल त्याच्या उंचीला मोठी, सीटवर बसून पाय पोचेनात. तरी पठ्ठ्या वीसेक किलोमीटर मारत तिथे पोचला. तिकिटाला पैसे पुरले नाहीत, म्हणून झाडावर चढून त्याने विमान पाहिलं. घरी गेल्यावर वडील रागावले खरे, पण पोरगा खरंच विमान बघून आलाय हे कळल्यावर त्यांचा राग गेला म्हणतात.

१९२२ साली, पंधराव्या वर्षी शाळा संपवून तो टोकियोला आला. तिथे ‘आर्ट शोकाई’ नावाचं मोटार दुरुस्तीचं गॅरेज होतं, मालक युझो साकाकिबारा. याला वाटलं होतं की गेल्या गेल्या हातात पाना मिळेल. हातात मिळालं मालकाचं तान्हं बाळ! काही महिने पोर सांभाळायचं आणि फरशी पुसायची. घरी पळून जावं असं त्याच्या कितीदा मनात आलं. मग एका बर्फाच्या दिवशी काम खूप होतं, माणसं कमी होती, म्हणून मालकाने त्याला गाडीखाली घातलं. तिथून पुढे तो पुन्हा बाळाकडे गेला नाही.

१ सप्टेंबर १९२३ ला टोकियो-योकोहामाचा तो भयंकर भूकंप झाला. त्यानंतर आगी लागल्या आणि शहरच्या शहर जळालं. गॅरेजमधल्या लोकांच्या गाड्या वाचवायच्या होत्या. सोइचिरोला गाडी चालवायला कुणी दिलीच नव्हती, त्या दिवशी तो सरळ स्टिअरिंगवर बसला आणि गर्दीतून गाडी बाहेर काढली. शहर जळत असताना आपल्याला गाडी चालवायला मिळाली याचा त्याला आनंदच झाला होता, आणि पुढे त्याने तो कधी लपवला नाही. बरेच कारागीर गावी निघून गेले. जे थोडे राहिले त्यांच्यासमोर जळालेल्या गाड्यांची रांग लागली. त्या गाड्यांचा नुसता सांगाडा राहिलेला, चाकांचे लाकडी आरे जळून गेलेले. त्या पुन्हा रस्त्यावर आणायच्या म्हणजे जवळजवळ नव्याने बनवायच्या. आपलं चार वर्षांचं इंजिनिअरिंग त्याने तिथे केलं असं मला वाटतं.

युझो साकाकिबारांना शर्यतीचा नाद होता. त्यांनी ठरवलं, आपली रेसिंग कार आपणच बनवायची. मिचेल या अमेरिकन गाडीची चॅसी घेतली आणि तिच्यावर कर्टिस कंपनीचं विमानाचं जुनं इंजिन बसवलं. आठ लिटरहून मोठं व्ही-८, ९० हॉर्सपॉवरचं. आज लोक मोटारीत दुसऱ्या मोटारीचं इंजिन बसवतात आणि त्याचं केवढं कौतुक करतात, इथे थेट विमानाचं! दिवसभर गिऱ्हाइकांची कामं आणि रात्री ही गाडी. चाकांचे लाकडी आरे सोइचिरोने हाताने बनवले. २३ नोव्हेंबर १९२४ ला योकोहामाजवळ त्सुरुमीला शर्यत झाली. मालकाचा धाकटा भाऊ शिनइची चालवायला आणि शेजारी मेकॅनिक म्हणून आपला नुकताच अठरावं लागलेला हिरो. पहिला नंबर आला. ती गाडी अजून आहे, मोतेगीच्या होंडा संग्रहालयात.

१९२८ मध्ये मालकाने त्याला आर्ट शोकाईची शाखा काढून दिली, हामामात्सुला. वय २१. इथे त्याने चाकांचे लाकडी आरे काढून ओतीव लोखंडी आरे बनवले आणि पेटंट घेतलं. ते आरे परदेशात गेले, अगदी आपल्या हिंदुस्थानातसुद्धा! पैसा आला, तशी मौजही आली. तो काही साधुसंत नव्हता.

शर्यतीचा नाद सुटला नव्हता. फोर्डचं इंजिन घेऊन, त्यात स्वतः बदल करून त्याने ‘हामामात्सु’ नावाची गाडी बनवली. ७ जून १९३६ ला टोकियोजवळ तामागावाच्या नव्या ट्रॅकवर ती उतरवली. या वेळी चालवणारा तो आणि शेजारी मेकॅनिक धाकटा भाऊ बेंजिरो. ताशी १२० किलोमीटरच्या आसपास वेग असताना गाडी दुसऱ्या एका गाडीवर आदळली आणि उलटली. सोइचिरोचा चेहरा डाव्या बाजूने फाटला, खांदा आणि मनगट गेलं. बेंजिरोच्या मणक्याला फ्रॅक्चर झालं. दोघं वाचले आणि बेंजिरो पुढे भावाच्या कंपनीतही होता. पण स्वतः बदललेल्या गाडीत सख्ख्या भावाला शेजारी बसवणं म्हणजे काय, हे आपल्याकडे बुलेटचा सायलेन्सर बदलून फिरणाऱ्यांनी एकदा डोळ्यांपुढे आणावं. सोइचिरोचं लग्न आदल्याच वर्षी झालं होतं. शर्यतीत गाडी चालवणं पुढे संपलं.

आता दुरुस्ती पुरे, आपण काहीतरी बनवायचं, असं त्याच्या मनाने घेतलं. आणि घेतलं काय, तर पिस्टन रिंग. बघायला गेलं तर बांगडीसारखी दिसते, त्यात काय एवढं! ओतायला लागल्यावर कळलं. रिंगा एक तर तुटायच्या, नाहीतर त्यांना स्प्रिंगच नसायची. रात्री दोन-तीनपर्यंत काम, साठवलेले पैसे संपत आलेले, बायकोच्या वस्तू गहाण पडलेल्या. शेवटी तो हामामात्सुच्या टेक्निकल कॉलेजात प्राध्यापकांकडे गेला. त्यांनी रिंग तपासून सांगितलं, यात सिलिकॉन कमी आहे. सिलिकॉन नावाची काही गोष्ट असते हेच त्याला माहीत नव्हतं. कास्ट आयर्नमधलं सिलिकॉन आपण व्हायवाच्या आदल्या रात्री पाठ करतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. याने काय केलं? तिशीत, स्वतःचा कारखाना सांभाळून, तो त्याच कॉलेजात विद्यार्थी म्हणून बसायला लागला. पण फक्त पिस्टन रिंगला लागेल तेवढंच ऐकायचं आणि परीक्षेला बसायचं नाही. कॉलेजने अर्थातच डिप्लोमा दिला नाही. त्यालाही तो नको होता. (आपल्या स्टाफने हा परिच्छेद मनावर घेऊ नये आणि एटीकेटीवाल्यांनी तर मुळीच घेऊ नये. तो परीक्षेला बसायचा नाही, पण लेक्चर बुडवत नव्हता.)

रिंग जमली तरी मोठ्या प्रमाणावर जमेना. टोयोटाकडे ५० नमुने तपासायला गेले, त्यातले ३ पास झाले. मग पुन्हा दोनेक वर्षं कारखाने आणि विद्यापीठं पालथी घातली, तेव्हा कुठे माल पसंत पडायला लागला. एवढ्याशा रिंगेभोवती त्याने २८ पेटंट घेतली.

युद्धात कारखान्यावर बॉम्ब पडले आणि जे उरलं ते जानेवारी १९४५ च्या भूकंपाने पाडलं. त्याने टोयोटाला साडेचार लाख येनला कंपनी विकली आणि वर्षभर काहीच केलं नाही. म्हणजे अक्षरशः काहीच नाही. अल्कोहोलचा पिंप आणून मित्रांबरोबर प्यायला बसायचा.

१९४६ मध्ये हामामात्सुत त्याने छोटी शेड टाकली. जपानी सैन्याच्या वायरलेस सेटसाठी बनवलेली छोटी जनरेटर इंजिनं कुठेतरी बेवारस पडली होती. त्याने ती घेतली आणि सायकलला जोडली. पेट्रोलची टाकी कुठून आणायची? थंडीत अंथरुणात ठेवतात ती गरम पाण्याची पिशवी जपानमध्ये तेव्हा पत्र्याची असायची, तीच बसवली! पहिल्यांदा बाजारात चालवून दाखवली ती बायकोने, साचीने. अशी सुमारे पाचशे इंजिनं संपली, तशी स्वतःची बनवायला घेतली. २४ सप्टेंबर १९४८ ला होंडा मोटर कंपनी सुरू झाली, ३४ माणसं आणि १० लाख येन भांडवल. पुढच्या वर्षी ताकेओ फुजिसावा आला आणि त्याने पैसा, विक्री, देणंघेणं सगळं अंगावर घेतलं. फुजिसावा नसता तर ही कंपनी दोन-चार वर्षांत बुडाली असती, असं माझं तरी स्पष्ट मत आहे. सोइचिरो तर कंपनीचा शिक्कासुद्धा त्याच्याकडे देऊन मोकळा झाला होता. शिक्क्यांशी त्याचं काही जमलं नाही हेच खरं.

पुढची मोटरसायकलची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते, म्हणून पटापट सांगतो. १९५४ मध्ये कंपनी डबघाईला आलेली असताना त्याने जाहीर केलं की आपण आयल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत उतरणार. १९५९ ला उतरले आणि १९६१ ला १२५ आणि २५० सीसी दोन्ही गटांत पहिले पाचही नंबर होंडाचे. १९५८ ची सुपर कब तर २०१७ पर्यंत दहा कोटींच्या वर बनली.

पण माझा जीव आहे तो त्याच्या मोटारींत. १९६१ मध्ये जपान सरकार असा कायदा आणायच्या बेतात होतं की नव्या कंपन्यांनी मोटारी बनवायच्याच नाहीत. होंडाचा पारा चढला. कायदा व्हायच्या आत आपण गाडी बनवून दाखवायची, आणि ती पण स्पोर्ट्स कार! बरं, ती लाल हवी. जपानमध्ये लाल रंग आगीच्या बंबासाठी राखीव होता. सरकारी ऑफिसात खेटे घालून तीही परवानगी मिळवली. ऑक्टोबर १९६३ मध्ये एस५०० बाजारात आली. तो कायदा शेवटी झालाच नाही.

या गाडीचं बॉनेट उघडलं की कळतं, ही मोटरसायकलवाल्याने बनवली आहे. ५३१ सीसी, चार सिलिंडर, डबल ओव्हरहेड कॅम, चार सिलिंडरला चार कार्ब्युरेटर, ८००० आरपीएमला ४४ हॉर्सपॉवर. १९६४ ची एस६०० ६०६ सीसीला ५७ देते आणि १९६६ ची एस८०० ७९१ सीसीला ७०. आपली मारुती ८०० जवळपास तेवढ्याच सीसीत चाळीसच्या आतबाहेर द्यायची, यावरून काय ते समजा.

ही मॉडेलं फार बनली नाहीत, पण जपान, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात लोकांनी ती जपली आहेत आणि रविवारी घरच्या गॅरेजमध्ये उघडून बसतात. त्यांना पहिला दणका क्रँकशाफ्ट देते. साध्या मोटारीत बेअरिंग म्हणजे दोन अर्धगोल पट्ट्या, झिजल्या की बदलल्या. इथे बारीक सुयांसारखे रोलर आहेत आणि क्रँक एकसंध नाही, तुकडे प्रेसखाली दाबून जोडलेले आहेत. बेअरिंग बदलायचं तर क्रँकच सोडवावी लागते आणि परत जोडताना सगळे तुकडे एका रेषेत आणावे लागतात. डायल गेज लावून, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या गोष्टी. घरी प्रेस असलेला माणूसही ते काम शेवटी जाणकाराकडेच नेतो. दुसरी गंमत मागच्या चाकांची. एस५००, एस६०० आणि पहिल्या एस८०० मध्ये डिफरन्शियल बॉडीला पक्कं आणि तिथून दोन्ही चाकांना चेन जाते, मोटरसायकलसारखी! प्रत्येक चेन ऑइल भरलेल्या पेटीत बंद आणि ती पेटीच चाकाचा हात म्हणून वरखाली होते. त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबला की गाडी मागून खाली बसायच्या ऐवजी वर उचलली जाते. पेटीचं सील गळायला लागलं की जमिनीवर ऑइल दिसतं आणि दुर्लक्ष केलं तर चेन कोरडी पडून जाते. चार कार्ब्युरेटरचं ट्यूनिंग तर तपश्चर्या आहे. चारही ठिकाणचा व्हॅक्यूम गेजवर सारखा यायला हवा, एक स्क्रू हलवला की बाकीचे तीन बिघडतात. काही जण एस६०० मध्ये सरळ एस८०० चं इंजिन बसवतात. बसतं छान, पण मला ते मनापासून आवडत नाही. ८५०० आरपीएमला पूर्ण ताकद देणारं ६०६ सीसीचं इंजिन काढायचंच कशाला?

१९६४ मध्ये होंडा फॉर्म्युला वनमध्ये उतरली आणि २४ ऑक्टोबर १९६५ ला मेक्सिकोत रिची गिंथरने तिला पहिला विजय मिळवून दिला. इथपर्यंत सगळं छान आहे. यापुढचा भाग सांगायला जीवावर येतं, पण तो गाळला तर हा लेख म्हणजे नुसती आरती होईल.

सोइचिरोच्या डोक्यात एअर कूलिंग बसलं होतं. त्याचं म्हणणं, पाण्याने इंजिन थंड केलं तरी ते पाणी शेवटी हवेनेच थंड होतं, मग मधे पाणी कशाला? ऐकायला एकदम बरोबर. पण मोठ्या इंजिनात प्रत्येक कोपऱ्यातली उष्णता हवेने सारखी निघत नाही. त्याच्या हट्टाने एअर-कूल्ड व्ही-८ ची आरए३०२ रेसिंग कार बनली. जॉन सर्टीझने ती चालवून पाहिली आणि शर्यतीत चालवायला नकार दिला. तरी ७ जुलै १९६८ ला फ्रान्समध्ये रुआँला जो श्लेसर तिच्यात बसला. पाऊस होता. शर्यत सुरू होऊन थोड्याच वेळात गाडी घसरून आदळली, पेटली आणि श्लेसर गेला. त्यात दोष किती गाडीचा आणि किती ओल्या रस्त्याचा, यावर लोक अजून वाद घालतात. एवढं झाल्यावरही १९६९ ची एच१३०० मोटार एअर-कूल्डच निघाली. ती पुढून जड आणि बनवायला महाग होती. तरुण इंजिनिअर कंटाळले. तादाशी कुमे तर कामावर यायचाच बंद झाला. हाच कुमे १९८३ मध्ये कंपनीचा प्रेसिडेंट झाला!

होंडासमोर बोलणं सोपं नव्हतं. तो चिडला की शिव्या द्यायचा, हात उगारायचा, पाना फेकायचा. आज हे कुणी सहन करणार नाही आणि करूही नये. शेवटी फुजिसावाने त्याला विचारलं, की तुला या कंपनीत प्रेसिडेंट म्हणून राहायचंय की इंजिनिअर म्हणून? तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला की प्रेसिडेंट म्हणूनच राहिलं पाहिजे. म्हणजे पाण्याला परवानगी मिळाली. आयुष्यभर हातात पाना घेतलेल्या माणसाला ते एक वाक्य बोलायला काय पडलं असेल!

त्यानंतर काय झालं ते बघा. अमेरिकेने १९७० मध्ये धुराविषयी कडक कायदा केला. मोठ्या कंपन्या म्हणाल्या, जमणार नाही. होंडाच्या पोरांनी सीव्हीसीसी इंजिन बनवलं, अर्थात वॉटर-कूल्ड. मुख्य चेंबरशेजारी एक छोटं चेंबर असतं, त्यात पेट्रोल जास्त असलेलं मिश्रण पेटवायचं आणि त्या ज्वाळेने मोठ्या चेंबरमधलं विरळ मिश्रण जाळायचं. डिसेंबर १९७२ मध्ये अमेरिकन चाचणीत ते पास झालं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर न लावता. सोइचिरो खूश, की आता बड्या कंपन्यांना हरवता येईल. पण पोरांनी सांगितलं, की आम्ही हे कुणाला हरवायला केलेलं नाही, हवा स्वच्छ राहावी म्हणून केलंय. आपण मागे पडलो हे त्याला तिथे समजलं, असं तोच पुढे सांगायचा. ऑक्टोबर १९७३ मध्ये तो आणि फुजिसावा एकाच वेळी निवृत्त झाले. गादीवर ४५ वर्षांचा कियोशी कावाशिमा बसला. स्वतःच्या मुलाला त्याने कंपनीत येऊ दिलं नव्हतं.

महाराष्ट्रात त्याचं नाव घरोघरी पोचलं ते १९८४ नंतर, पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक होंडामुळे. गिअर नाही, किक मारायला नको, बटण दाबलं की चालू. कित्येक काकू-मावशा त्याच गाडीवर पहिल्यांदा स्वतः ऑफिसला गेल्या. ती भागीदारी १९९८ मध्ये संपली, पण ज्या गाड्या उरल्या त्या लोक अजून ‘होंडा’च म्हणतात.

निवृत्तीनंतर त्याने जपानभर फिरून कारखान्यांतल्या आणि डीलरांकडच्या माणसांना भेटायचं ठरवलं, सुमारे सातशे ठिकाणी. एका ठिकाणी एका मेकॅनिकने हात पुढे केला आणि ऑइलने काळा झालाय म्हणून पटकन मागे घेतला. याने तो तसाच धरला आणि मग स्वतःच्या हाताचा वास घेतला. त्याचा स्वतःचा डावा हात बघण्यासारखा होता. उजव्या हाताने हातोडा मारायचा आणि डाव्याने सोसायचं, असं आयुष्य गेल्यामुळे तो व्रणांनी भरलेला होता आणि काही बोटं उजव्या हातापेक्षा आखूड झाली होती.

५ ऑगस्ट १९९१ रोजी यकृताच्या आजाराने तो गेला. कंपनीतर्फे मोठी अंत्ययात्रा काढू नका, असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. मोटारी बनवणाऱ्याच्या अंत्ययात्रेमुळे रस्त्यावर ट्रॅफिक जाम झालेला त्याला नको होता.